विचारतील तेव्हा सांगू

अहो, तुम्ही गेल्यापासून शेजारी फोडणी पडलेली नाही.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. घरात माणसं होती, चर्चचे पाळकसाहेब येऊन जात होते, रुथ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. बेंगळुरूचं तिचं ऑफिस तिला बापाच्या मातीनंतरही सोडत नव्हतं. शनिवारी ती गेली, घर रिकामं झालं, आणि संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहिले तर काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं. आपल्या रो-हाउसची आणि पाटलांची भिंत एकच. सिंधूबाईंच्या कढईत लसूण पडला की शिंक आपल्या घरात. इतकी वर्षं मी त्यावर कुरकुर केली. "मसाला भाजतात की घर पेटवतात" असं मी म्हणायची आणि तुम्ही मुद्दाम खिडकी उघडून लांब श्वास घ्यायचात, मला चिडवायला. शनिवारी त्या खिडकीतून नुसत्या शिजल्या डाळीचा वास येत होता. मला वाटलं, कोणीतरी आजारी असेल.

पाळकसाहेबांना मंडळीच्या मासिकात तुमच्याबद्दल छापायचं आहे. फोनवर विचारत होते, जन्म कुठला, बाप्तिस्मा कुठे झाला, मंडळीत सेवा कोणती केली. पहिली दोन उत्तरं दिली. तिसऱ्याला म्हटलं, कळवते. काय कळवू? तुमच्या मिलची सुट्टी कधी रविवारी आलीच नाही. आपली मराठी उपासना दुपारी, गुजराती उपासना आटोपल्यावर, आणि त्या वेळी तुम्ही पलसाण्याच्या डाइंगमध्ये रंगाचा नमुना उजेडाला धरून उभे. कलर मास्टर माणूस. नाताळ आणि ईस्टर सोडून त्या बाकावर तुम्ही कितीदा बसलात, ते मला विचारू नका. मी जायची एकटी आणि यायची एकटी. "मिस्टर नाही आले?" या प्रश्नाला मी इतकी कारणं दिली की सगळ्या मंडळीला मिलच्या पाळ्या पाठ झाल्या.

आणि तरी मंडळीतली सगळ्यात पक्की ख्रिस्ती बाई कोण, तर मी म्हणे. तुम्हीच तसं म्हणायचात, आणि त्यात थोडी टोचणी असायची.

आपलं खरं भांडण कशावरून सुरू झालं, आठवतं ना? रोटावरून. आपण नगरकडची माणसं. पाटील अमळनेरकडचे, त्यांची कानबाई देवी आपल्याला काय ठाऊक. श्रावणात नागपंचमी झाली की रविवारी ती बसते. घरातल्या नि भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ काढायची, त्याच गव्हाच्या पिठाचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कणसुद्धा द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. आपण इकडे गुजराती मुलखात, भेस्तानला राहायला आलो ते पहिलंच वर्ष. तुम्ही डबल पाळी करून दुपारी परतलात, घराला कुलूप, मी चर्चला. सिंधूबाईंच्या यजमानांनी, आनंदाभाऊंनी, त्यांच्या ओसरीवर बसवलं आणि "आलोच" म्हणून ते आत गेले. तुमच्या पुढ्यात झाकलेलं ताट. तुम्हाला वाटलं, केवढा हा पाहुणचार. खीर, गंगाफळाची भाजी आणि रोट, सगळं हाणलंत.

आनंदाभाऊंची आई, जिजी, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. बायका गोळा झाल्या. कोणी म्हणे कानबाई कोपणार, कोणी म्हणे भगताला बोलवा. तुम्ही आपले बोटं पुसत उभे, काय चुकलं तेच कळेना. जिजींनी कपाळाला हात लावून जरा वेळ विचार केला आणि मग निकाल दिला. "खाई लिधा ना? मंग आते हाऊ आमना भाऊबंद व्हयना." संपलं. पुढच्या श्रावणापासून तुमच्या नावाची मूठ निघायला लागली.

हे ऐकून माझ्या अंगाची लाही झाली होती. आमच्या माहेरी सत्यनारायणाचा शिरा नाकारायचे नाहीत, हातावर घ्यायचे आणि मागच्या दारी गाईला घालायचे. तोंडात मात्र नाही. मूर्तीपुढे ठेवलेलं आपलं अन्न नव्हे, एवढं साधं. तुम्ही म्हणालात, "अगं, चुकून खाल्लं." ठीक. पुढच्या वर्षी? "पुढच्या वर्षी माझ्या नावानं दळलं होतं. नाही कसं म्हणायचं?"

तिथून पुढे दर श्रावणात आपल्या घरात तोच खेळ. तुम्ही भाऊबंद, म्हणजे मी त्यांची भावजय, म्हणून माझ्याही वाट्याचा रोट यायचा. सिंधूबाई पदराखाली झाकून आणायच्या आणि मी "उपवास आहे" म्हणायची. श्रावणातल्या रविवारी ख्रिस्ती बाईला कसला उपवास, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ताट परत घेऊन जायच्या आणि संध्याकाळी साधा वरण-भात आणून द्यायच्या, उपवास सोडायला.

प्रभूनं आपल्या माणसांना जगाचं मीठही म्हटलंय आणि दिवाही; त्यात तुम्ही मिठाच्या बाजूचे आणि मी दिव्याच्या. मीठ आमटीत विरघळलं की दिसत नाही, पण नसलं की लगेच कळतं, हा तुमचा मुद्दा. दिवा दिसला नाही तर तो दिवाच नव्हे, हा माझा. मी म्हणायची, हे शहर रंगाच्या टाकीसारखं आहे, कापड कुठलंही टाका, बाहेर येतं ते एकाच रंगात. सगळ्यांचं तेच कमावणं, तेच हप्ते, तीच फोनवरची भक्ती. आपण वेगळे दिसलो नाही तर एका पिढीत संपू. तुम्ही म्हणायचात, "जगायचं. विचारतील तेव्हा सांगू."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर जगायचं."

"हे काय उत्तर झालं?"

यावर तुम्ही हसायचात आणि चहा टाकायला उठायचात. वादात हरायला आलात की तुमचा चहा ठरलेला. चहा चांगला करायचात, त्यामुळे मी किती वाद अर्धे सोडले असतील कोण जाणे.

मिलमधला तो लॉट बिघडला तेव्हाचा वादही तसाच अर्धा राहिला. कापड रंगवायच्या जेट मशिनवरचा माणूस पाळीत झोपला, तपमान चढत गेलं, अख्ख्या लॉटचा रंग फरकला. शेठनं विचारलं, कोणाची चूक? तो माणूस तीन मुलांचा बाप, दाराशी उभा होता म्हणे. तुम्ही म्हणालात, माझी. रंगाची शेड मी पास केली. आणि नोकरी घालवून घरी आलात. पलसाण्यातून दुपारच्या बसनं परत येणारा कलर मास्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मिलमधले लोक दोन-दोन करून घरी येत होते, "साहेब तो देवना माणस छे" म्हणत होते, आपल्याच घरचा चहा पीत होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मिलमध्ये जात होते. कडोदऱ्याच्या त्या लहानशा युनिटमध्ये काम मिळेपर्यंत तुम्ही घरी बसलात, आणि मी तुमच्याशी धड बोलले नाही.

मी तेव्हा म्हटलं होतं, "खोटं बोललात. हे कुठल्या शुभवर्तमानात बसतं?" तुम्ही म्हणालात, "झोपला तो. पण बघायला मी होतो ना. मी बघितलं नाही." हे खोटं की खरं, मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही माझ्या समजुतीसाठी तसं म्हणालात की तुम्हाला ते मनापासून वाटत होतं, हे विचारायचं राहून गेलं. आता कोणाला विचारू?

एक मात्र मी तुम्हाला तेव्हाही ऐकवलं होतं. एवढं झालं, नोकरी गेली, पण एकानं तरी विचारलं का, साहेब, असं का केलंत? नाही विचारलं. माणसाला देवमाणूस म्हटलं की लोक मोकळे होतात. पुढचं काही विचारायची गरज उरत नाही. वाईट वागा, शंभर जण कारण विचारायला येतील. चांगलं वागा, एक नाही. तुमच्या त्या "विचारतील तेव्हा" मधला तेव्हा काही आला नाही.

आणि आता तर दिवस असे की प्रभूचं नाव काढायचीही चोरी. आजाऱ्याच्या खाटेशी बसून नुसते डोळे मिटले तरी धर्मांतर करतात म्हणून कोणी मोबाइल वर धरेल, अशी धास्ती. तुम्ही तरी जायचात, दवाखान्यात, झोपडपट्टीत, कोणाचा डबा घेऊन, कोणाचा एक्स-रे घेऊन. डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायला तुम्ही शिकला होतात. मला ते कळायचं, तुमचा अंगठा बोटांवरून फिरायला लागायचा. पण मी सोडून ते कोणाला कळत होतं?

रुथ जाताना म्हणाली, "आई, मी धर्म-बिर्म मानत नाही, तुला माहीत आहे. पण मला बाबांसारखं जगायचंय." बोलता बोलता अर्धं हिंदीत गेली, तिला असं काही मराठीत बोलायची सवय राहिलेली नाही. मला तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. अगं, बाबांसारखं जगायचं तर बाबा कुठून भरून आणत होते ते बघ. पण ती कुठून बघणार? पहाटे पाण्याची मोटर लावून तुम्ही मोरीत उलट्या बादलीवर बसायचात, टाकी भरेपर्यंत, डोकं खाली घालून. त्या आवाजात तुम्ही देवाशी काय बोलायचात, मलाही कधी ऐकू आलं नाही. पोरीला वाटायचं, बाबा टाकी भरायची वाट बघतायत. त्या बादलीवरचे तुम्ही फक्त मी पाहिलेत. आता ते पाहिलेली मी एकटी उरले, आणि दुसऱ्या कोणाला दाखवायला माझ्यापाशी काही नाही. मोटर मी हल्ली दुपारी लावते.

मातीच्या दिवशी तुम्ही असायला हवं होतं, असं म्हणणं वेडेपणाचं आहे, पण तुम्हाला हसू आलं असतं. आपल्या मंडळीतले मोजके लोक पांढरे शर्ट घालून पेटीच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आनंदाभाऊ आणि त्यांचे भाऊबंद, खांद्यावर पंचे टाकून, सगळे अनवाणी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. गीत सुरू झालं तेव्हा त्यांना शब्द येत नव्हते, तरी ते टोप्या काढून उभे राहिले. पाळकसाहेबांनी मला हळूच विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "शेजारी." आनंदाभाऊ दोन पावलांवर होते. त्यांनी ऐकलं असणार. माती टाकायची वेळ आली तेव्हा ते सगळ्यात शेवटी पुढे झाले.

काल रविवार होता. कानबाईचा. सकाळपासून अख्ख्या उधना-भेस्तानात ढोल वाजत होते, गल्लीच्या तोंडाशी कोणाचा तरी डीजे. मी चर्चला गेले, परत आले. कुलूप उघडता उघडता लक्षात आलं की पाटलांच्या ओसरीवर एक चप्पल नाही. एरवी त्या दिवशी तिथून वाट काढावी लागते. तोरण नाही, पाहुणे नाहीत. आणि कालही तोच नुसत्या डाळीचा वास. मी पर्स ठेवली आणि तशीच त्यांच्याकडे गेले. इतक्या वर्षांत कानबाईच्या दिवशी मी त्या घराचा उंबरठा पहिल्यांदा ओलांडला.

दोघंच बसले होते. जिजी गेल्याला तर किती वर्षं झाली, मुलं लिंबायतला राहायला गेलेली. समोरच्या भिंतीशी, जिथे कानबाई बसते, तिथली जमीन नुसती सारवून ठेवल्यासारखी पुसलेली. मी विचारलं, "यंदा बसवली नाही? बरं आहे ना सगळं?"

सिंधूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच काही विसरले. "वहिनी, सुतक शे ना."

"कोण गेलं?"

आनंदाभाऊंनी मान खाली घातली. मग मला उमगलं, आणि मी तिथेच पाटावर बसले. अहो, तुमच्यासाठी. तुमच्या नावाची मूठ निघत होती, तुम्ही त्यांचे भाऊबंद, म्हणून त्यांच्या घरात सुतक. म्हणून फोडणी नाही, म्हणून कानबाई नाही. ज्या देवीच्या रोटावरून मी तुमच्याशी जन्मभर भांडले, तिला त्यांनी तुमच्यासाठी यंदा बसू दिलं नाही. आणि मी तुमची बायको, माझ्या घरी सकाळी मी कांदेपोह्यांना मोहरीची फोडणी देऊन आले होते.

आनंदाभाऊ म्हणाले, "वहिनी, दहाव्याला मी केस देणार आहे. तुमच्यात चालत नसेल तर सांगा."

मी म्हटलं, "द्या. चालतं." चालतं की नाही, मला कोण सांगणार होतं? माझा आवाज मलाच परका वाटत होता. सिंधूबाईंनी माझ्यापुढे वरण-भात ठेवला. तो नाकारायला उपवासही नव्हता. मी जेवले. तुम्ही गेल्यापासून कोणाच्या तरी सोबत धड बसून जेवलेलं ते पहिलं जेवण. मीठ बरोबर होतं.

जेवता जेवता सिंधूबाईंनी विचारलं, "तुमच्यात सुतक कितला दिवस ऱ्हातं, वहिनी?"

"आमच्यात सुतक नसतं."

दोघांचेही हात थांबले. "काहीच नाही?"

"नाही."

"माणूस गेलं तरी?"

"हो."

"का बरं?"

अहो, विचारलं. इतक्या वर्षांनी, त्यांनी विचारलं. तुमच्या "तेव्हा"ची वेळ आली आणि ती काल दुपार कलताना, त्या रिकाम्या भिंतीसमोर, माझ्या हातात वरण-भाताचा घास असताना आली. मी आनंदाभाऊंना म्हटलं, "यांना का नाही कधी विचारलंत? हे वाट बघत होते." ते म्हणाले, "विचारायचं खूपदा मनात आलं, वहिनी. मिलमधून काढलं तेव्हा तर तोंडाशी आलं होतं. पण धर्माचं विचारलं तर साहेबांना वाटलं असतं, आम्ही खोडी काढतो. इतका भला माणूस, कशाला दुखवायचा." तुम्ही त्यांना दुखवायचं नाही म्हणून सांगितलं नाहीत आणि त्यांनी तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून विचारलं नाही. मध्ये एक विटेची भिंत, आणि दोन्हीकडे अशी सभ्य माणसं. मला तुमचा राग आला. तुमचा, त्यांचा, माझा स्वतःचा. मी तरी कुठे तोंड उघडलं होतं? मी आपला उपवास सांगत होते.

सिंधूबाई वाट बघत होत्या. चर्चच्या शब्बाथ शाळेतल्या पोरांना मी हे वर्षानुवर्षं सांगितलं आहे, तोंडपाठ आहे. काल एकेक शब्द शोधावा लागला. मी म्हटलं, "गेलेल्या माणसाचा विटाळ आम्ही मानत नाही. आमच्या प्रभूनं मेलेल्यांना हात लावला. मग तो स्वतः मेला, आणि उठला. म्हणून हेही उठतील, असा आमचा विश्वास आहे."

बोलताना मी स्वतःचा आवाज ऐकत होते, तो खरा लागतोय की नाही ते तपासत होते. त्या दोघांनी मात्र काही तपासलं नाही. गावाहून माणूस यायचा आहे असं सांगितल्यावर ऐकतात, तसं ऐकलं.

"कधी?" सिंधूबाईंनी विचारलं.

"ते माहीत नाही."

त्यांनी त्यावर विचार केला. पदरानं तोंड पुसलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग तवर तुम्ही एकल्याच का?"

इथे तुम्ही काहीतरी सांगितलं असतंत. मी कालपासून शोधते आहे, काय सांगितलं असतंत. मी "हो" म्हटलं.